अंधारात येणारी बाई

चहा आधी हातात घ्या. कपात गरम चहा असला की माणूस दुसऱ्याच्या फजितीला जरा बेतानं हसतो, आणि मला तेवढीच सवलत हवी आहे.

गेल्या सुगीत आमच्या दारव्ह्याच्या रस्त्यावर लोकांनी सोयाबीन वाळत घातलं होतं. अर्धा रस्ता सोयाबीनचा, अर्धा वाहनांचा. माझी स्कूटर सोयाबीनच्या वाट्यात गेली. पाय मोडला, पलस्तर चढलं आणि मी घरात अडकलो. घरात दुसरं कोणी नाही. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन दुसरं वर्ष चालू होतं. मुलगी मृणाल पुण्याला नोकरीवर. तिनं तिथून फोनवर फर्मान काढलं, "बाबा, भिंतीकडे बघत बसू नका. एखादा छंद लावून घ्या. पैसे न लागणारे कितीतरी आहेत."

पैसे लागले नाहीत हे खरं. जुन्या पेपरच्या घड्या घालून बगळा केला. तो बगळा आहे हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगावं लागलं. तेलाच्या रिकाम्या डब्यात मेथी पेरली. ती शेजारच्या बकरीला आवडली. मग एकदा काडेपेटी शोधताना फडताळात सुनंदाचा रांगोळीचा डबा सापडला. अर्ध्याहून जास्त भरलेला.

ती रोज सकाळी फाटकाशी एक कासव काढायची. ती गेल्यापासून तिथली फरशी कोरीच होती. म्हटलं, आपण उभा जन्म शाळेत भूमिती शिकवली, ठिपक्यांचं काय एवढं?

अडचण एकच. पन्नाशी ओलांडलेला मास्तर फाटकात बसून रांगोळी घालतोय, हे विद्यार्थ्यांनी पाहिलं तर वर्गात परत कोणत्या तोंडानं उभं राहायचं? म्हणून मी उजाडायच्या आधीच कुबडी घेऊन बाहेर जायचो, बुटक्या स्टुलावर बसायचो, पलस्तराचा पाय बाजूला पसरायचो आणि दूधवाला यायच्या आत घरात.

काही दिवसांनी समोरच्या कोकिळाकाकू फाटकाशी थांबल्या.

"का जी सर, रांगोळी कोन काढून राह्यलं?"

आता इथं खरं बोलायला माझं काय जात होतं? पण तोंडातून निघालं, "एक बाई येते."

"कोनती बाई? मले तं दिसली नाही."

"पहाटे येते. अंधारातच."

"अन् जाते कधी?"

"उजाडायच्या आत."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, थंडी वाजली असेल. वर मी आणखी म्हणालो, "काकू, कोणाला सांगू नका. उगाच चर्चा नको."

दुसऱ्या दिवसापासून दूधवाला दूध ओतताना माझ्या खांद्यावरून आत बघू लागला. मागच्या गल्लीतल्या बाया फिरायला म्हणून आमच्या फाटकावरून जाऊ लागल्या. एकदा मी खिडकीत बसलेलो असताना त्यातली एक म्हणाली, "हात काही खास नाही वं बाईचा. कासव हाये का भजं, समजून नाही राह्यलं."

कलावंत म्हणून मी दुखावलो. खिडकीतूनच म्हणालो, "नवी आहे अजून. शिकेल हळूहळू."

बाया घाईनं पुढे गेल्या.

त्याच संध्याकाळी मृणालचा फोन. नेहमीची चौकशी नाही, पायाचं नाव नाही. "बाबा, तुम्हाला मला काही सांगायचंय का?"

मला वाटलं, हिला रांगोळीचं कळलं. म्हटलं, "अगं, लाज वाटली म्हणून नाही सांगितलं. सकाळचा थोडा वेळ मन रमतं, एवढंच. तूच म्हणाली होतीस ना, काहीतरी बघा म्हणून."

पलीकडून फोन बंद. मला वाटलं, रेंज गेली.

आता विलासचं सांगतो. विलास म्हणजे सुनंदाचा धाकटा भाऊ, बोरी अरबला शेती करतो. बाजाराच्या दिवशी दारव्ह्याला आला की माझ्यासाठी घरून डबा आणायचा. फार बोलायचा नाही. बसायचा, चहा प्यायचा, बोलता बोलता "ताई असती तं" असं एखादं वाक्य अर्धं सोडायचा आणि जायचा. सुनंदाच्या माहेरचं माझ्याकडे येणारं ते एकच माणूस.

त्या बाजाराला विलास आला नाही. फोन केला, उचलला नाही. मी दिवसभर फाटकाकडे बघत बसलो. काय चुकलं ते कळेना. एवढं मात्र कळत होतं की तो यायचा थांबला, तर या घरात येऊन सुनंदाचं नाव घेणारं कोणी उरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मोबाइलचा टॉर्च दातात धरून ठिपके टाकत होतो. कोपऱ्यावर मोटारसायकल बंद झाली. कोणीतरी ती ढकलत, आवाज न करता आणत होतं. विलास होता. माझ्याकडे न बघता त्यानं अंगणभर नजर फिरवली.

"बाई कोठी हाये?"

मी तोंडातला मोबाइल काढला. "कोणती?"

"लपवू नका, भाऊजी. मृणाल फोनवर रडून राह्यली. मी कोनाले नाही म्हनत नाही. पन चोरून कायले? अंधारात येते ते बाई कोठी हाये?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात सगळे ठिपके जुळले. आयुष्यात पहिल्यांदाच जुळले असतील.

"विलास, ती मीच आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, पलस्तराकडे पाहिलं, मग फरशीकडे.

"हे काय हाये? बेंडूक?"

"कासव."

"ताईचं?"

"हो."

त्यानं चपला काढल्या, समोर उकिडवा बसला आणि डबा स्वतःकडे ओढला. "तुम्ही डोक्यापासून करून राह्यले. ताई शेपटीपासून सुरू करे. सरका." लहानपणी तिच्या शेजारी बसून त्यानं ते कासव रोज पाहिलं होतं. मी सरकलो. तो काढत गेला, मी बघत गेलो, आणि उजाडलं हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

वर पाहिलं तर खराटा हातात घेऊन कोकिळाकाकू उभ्या.

म्हटलं, आता सांगूनच टाकावं. "काकू, बाईबिई कोणी नाही. मीच काढत होतो."

"थे तं मले पयल्याच दिवशी समजलं," काकू म्हणाल्या. "येवढं वाकडं बाईच्या हातून निंघत नाही."

"मग गावभर कशाला सांगितलं?"

"तुम्हीच म्हनले ना बाई येते म्हनून. म्हटलं, आपले डोये खोटे असतीन, पन मास्तर कायले खोटं बोलन?"

विलास इतका हसला की त्याच्या हातानं कासवाची शेपटी पुसली गेली. मग त्यानं हसतच मृणालला फोन लावला, आणि ती शेपटी मला परत काढावी लागली. भर उजेडात, काकूंच्या देखरेखीखाली.