जिभेवरचा किडा

लुइझियानातल्या आमच्या बायूकाठी, म्हणजे संथ दलदली ओढ्याच्या काठी, नाँक तेलेस्फोर कधी चुकल्याचं कुणाला आठवत नाही. नाँक म्हणजे काका. तो कुणाचाच सख्खा काका नव्हता, पण अख्ख्या गावाला काकाच्या हक्काने झापायचा. 'आज पाऊस नाही' असं तो म्हणाला आणि पाऊस आला, तर पाऊस चुकला. एका बाप्तिस्म्याला त्याने मांडीवरच्या मुलीला मुलगा ठरवलं. तिच्या आईबापांची त्याची चूक सुधारायची छाती झाली नाही. ती आता लग्न होऊन लाफायेत शहरात गेली, तरी हा तिला 'पोरा' म्हणतो.

त्याची बायको अझेली कमी बोलायची. मूलबाळ नव्हतं. पुराच्या पाण्यातून बशीएवढं चावरं कासव अंगणात आलं, ते तिने धुण्याच्या टबात ठेवलं, हाताने क्रॉफिश, म्हणजे ओढ्यातले झिंगे, भरवले आणि त्याचं नाव ठेवलं मादाम. नाँकने लांबूनच निकाल दिला, हे मगरपाठी जातीचं. शेजारचा खाटीक ओविड म्हणाला, साधं आहे, दोन वर्षांनी रस्सा चांगला होईल. आमच्याकडे शुक्रवारच्या उपवासाला मटण वर्ज्य, मासळी चालते, आणि कासव मासळीत धरतात, त्यामुळे ओविड दर शुक्रवारी पातेलं घेऊन तब्येतीची चौकशी करून जायचा.

ही भांडणं वन्यजीव खात्याच्या मिस रोमेरोच्या कानावर गेली. तिने निरोप धाडला, शुक्रवारी येते. साधं असेल तर खुशाल ठेवा. मगरपाठी असेल तर ती संरक्षित जात, ते नदीतच गेलं पाहिजे. पिल्लं असताना दोन्ही जातींच्या पाठीवर कंगोरे असतात, आणि मादामच्या पाठीवर तर शेवाळाची गोधडीच होती. खरी खूण तोंडात: मगरपाठीच्या जिभेवर किड्यासारखा गुलाबी मांसाचा तुकडा असतो, मासे फसवायला.

अझेलीचं अन्नपाणी सुटलं. एकदाच ती नवऱ्याला म्हणाली, "साधंच आहे म्हण ना."

"जे आहे ते आहे," नाँक म्हणाला.

शुक्रवारी मिस रोमेरो येण्याआधीच सगळं गाव टबाभोवती. मादाम तोंड उघडेना. कोंबडीची मान दाखवून झाली, पिसाने गुदगुल्या झाल्या, ओविड तर गायलासुद्धा. शेवटी नाँक तिला झापायला वाकला आणि तिने त्याचं नाक धरलं.

चावऱ्या कासवाने धरलं की ढग गडगडल्याशिवाय सोडत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आभाळ निरभ्र. ओविडने छपराचा पत्रा आणून बडवला, बायकांनी पातेली ठोकली, कुणी बंदुकीचा बार काढला. नाँक नाकात बोलत सूचना देत होता, गडगडाट असा नसतो, जरा लांबून आल्यासारखा करा. एवढ्यात मिस रोमेरोची गाडी आली, तिने दार धाडकन लावलं आणि मादामने नाक सोडलं.

सोडलं, पण तोंड तसंच उघडं. ते फक्त नाँकच्या समोर होतं. त्याने बराच वेळ आत पाहिलं. मग ते मिटलं.

"काय दिसलं, नाँक? किडा आहे?" मिस रोमेरोने विचारलं.

नाँकच्या नाकातून रक्त येत होतं. अझेली टबाची कड घट्ट धरून उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं.

"नाही. साधं कासव आहे. मी चुकलो."

ओविड पत्र्यावरच खाली बसला. मला रडू येईल की काय असं वाटलं.

अझेलीने हात एप्रनला पुसले. "खोटं बोलतोय तो. किडा आहे. रोज भरवते मी, मला माहीत नसणार होय?"

"अझेली, गप्प बस."

"जन्मभर कुणापुढे वाकला नाहीस, आणि आता माझ्यापायी गावासमोर खोटं बोलणार? ते मला नाही बघवायचं, म्हाताऱ्या."

तिने मादामला स्वतः उचललं आणि मिस रोमेरोच्या बादलीत ठेवलं.  नाँक नाक धरून अझेलीच्या मागे गाडीपर्यंत गेला आणि त्याने विचारलं, आम्ही येऊ का नदीपर्यंत? मिस रोमेरोने होकारार्थी मान हलवली. दोघं मागच्या बाजूला चढून बसली आणि बादली आपल्या मांडीवर घेऊन नदीपर्यंत गेली.