पुस्तकातला शेवट सांगणारे साडू

सिनेमा पाहायला जाऊन सिनेमाशीच भांडून घरी येणारा माणूस साऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा थोरला साडू आहे. उभी हयात कोळशाच्या खाणीवर पंप चालवण्यात गेल्यामुळे त्यांचा आवाज असा झालाय, की ते कानात कुजबुजले तरी पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसतात. हा आवाज घेऊन ते थिएटरात पुढच्या रांगेत बसतात, चपला काढून मांडी घालतात आणि पडद्यावरच्या माणसांना सल्ले देतात. एका भुताच्या सिनेमात नायिका अंधाऱ्या खोलीत शिरू लागली, तेव्हा ते ओरडले, "अवं बाई, आधी लाइट तं लाव!" अख्ख्या थिएटरानं टाळ्या वाजवल्या. मग भूत आलं, पण त्याला कोणी भ्यालं नाही.

वाचन त्यांचं एकाच कादंबरीचं. बल्लारपूरच्या स्टेशनवर गाडी लेट होती म्हणून विकत घेतलेली. पुढच्या काळातल्या एका देशाची गोष्ट. तिथलं सरकार गावंच्या गावं रिकामी करून माणसांना काचेच्या शहरात कोंबतं, श्वास घ्यायलाही परवाना लागतो. एका गावातली म्हातारी मास्तरीण मात्र हटत नाही. कादंबरी संपते तेव्हा सगळे निघून गेलेले असतात आणि ती रिकाम्या वर्गात फळा पुसून पाढे शिकवत असते. साडूंनी हे पुस्तक इतकं वाचलं की त्याचं पान न् पान सुटं झालं. त्याच कादंबरीवरचा सिनेमा चंद्रपूरला लागला, तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून, घरचं लग्न असल्यासारखे मला ओढत घेऊन गेले.

सिनेमात शेवटी हेलिकॉप्टर आलं. मास्तरीण दोर धरून वर चढली आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. साडू ताडकन उठले. "खोटं हाय! बाई गेलीच नाई!" तिथून ते थेट मॅनेजरच्या खोलीत. मॅनेजर बिचारा म्हणाला, "काका, आमी फक्त मशीन चालवतो."

"मंग हेलिकॉप्टर याच्या आधी बंद करत जा न मशीन!"

मॅनेजर ऐकेना, म्हणून दुसऱ्या दिवसापासून साडू दुपारचा खेळ सुटायच्या वेळी गेटवर उभे राहू लागले. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ते पुस्तकातला खरा शेवट सांगायचे. कॉलेजची पोरं त्यांचे व्हिडिओ काढायची. नागभीडहून आलेली एक नवी नवरी "मंग तिले जेवाले कोण देत होतं?" म्हणत रडवेली झाली. पुढच्या खेळाच्या रांगेतल्या एकानं तर, शेवट आधीच कळला म्हणून, त्यांची कॉलर धरली. साडू शांतपणे म्हणाले, "तुमी धरा भाऊ, मी सांगून राह्यलो." आणि कॉलर त्याच्या मुठीत तशीच ठेवून त्यांनी उरलेलं सांगितलं. पुढे पुढे तर लोक स्वतःहून त्यांच्यापाशी थांबायचे. "काका, पुस्तकात काय झालं?"

या हट्टाचं कारण मला ठाऊक होतं. खाण वाढत वाढत त्यांच्या वस्तीच्या पाठीशी आली होती. अर्धी गल्ली वरोऱ्याकडे प्लॉट घेऊन गेलीसुद्धा. साडूंनी मात्र हटायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. माझी मेहुणी, म्हणजे ताई, तिला कोणी विचारलं तर "यायलेच विचारा" एवढंच म्हणायची.

एक दिवस ताई आपणहून म्हणाली, "मलेबी पाहाचा हाय तो पिक्चर." आम्ही तिघं गेलो. हेलिकॉप्टर आलं, पण या वेळी साडू पडद्याकडे नाही, ताईकडे पाहत होते. बाहेर आल्या आल्या त्यांनी विचारलं, "पाह्यलं? कसा खोटा शेवट केला?"

ताईनं पदरानं डोळे पुसले. "मले तं हाच बरा वाटला."

"काऊन?"

"पुस्तकातली बाई राह्यली, चांगलं केलं तिनं. पण तिच्या गल्लीत कोणी राह्यलं का? तुमच्यासंग तं पुस्तक बोलते. मी दिवसभर कोणासंग बोलू?"

इतक्यात एक जण जवळ आला. "काका, तो पुस्तकातला शेवट सांगा न."

साडूंनी ताईकडे पाहिलं. "आज नाई," म्हणाले आणि स्टेशनाकडे चालू लागले.

मग ज्या हट्टानं ते राहिले होते, त्याच हट्टानं वस्ती सोडून निघाले. दारं चौकटीसकट काढली, धुण्याचा दगड उचलला, कढीपत्त्याचं झाड मातीसकट खणलं. पाटा जड आहे, तो राहू द्या, असं मी सुचवलं. "तिनं त्याच्यावर सारी जिंदगी वाटलं. तो येईन," ते म्हणाले आणि स्वतःच छातीशी धरून टेम्पोत चढवला.

नव्या घराच्या कुंपणापाशी ताईला आता बोलायला दोन्हीकडे शेजारणी आहेत. परवा गेलो, तेव्हा साडू आणि मी ओट्यावर चहा घेत होतो आणि तिचं हसणं आमच्यापर्यंत येत होतं. जुन्या वस्तीत दुपारी ठरल्या वेळी खाणीत सुरुंग उडायचा आणि घराघरातली भांडी थरथरायची; सुरुंग जाईपर्यंत जो तो हातातलं भांडं घट्ट धरून ठेवायचा. इथं तो ऐकूही येत नाही. पण नेमक्या त्या वेळी साडू बोलता बोलता थांबले. त्यांनी बशीतला कप उचलला आणि दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. कुंपणापाशी ताईचं हसणं थांबलं. तीही तिथूनच पाहत होती.

थोड्या वेळानं साडूंनी कप हळूच बशीत ठेवला.

"गेला," ते म्हणाले.