काचवाल्याची भिंगरी

काचवाल्याची लेक पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आली, म्हणून तिचं नावच पडलं भिंगरी. शाळा सुटली की दप्तर भिरकावून ती थेट बापाच्या दुकानात. इतर पोरी आरशात तोंड बघायच्या, ही आरसा कापायला बघायची. बापानं आधी डोळे वटारले, मग हातात काच कापायचा हिरा दिला. तेराव्या वर्षी ती अशी सरळ रेघ ओढायची की बाप गिऱ्हाइकाला सांगायचा, "माझी काच चुकली तर परत आणा. हिची चुकली तर दुकानच घेऊन जा."

मग रेघा मध्येच थांबायला लागल्या. हात तिथंच, नजर हरवलेली, पापण्या किंचित फडफडत. क्षणभरानं ती जणू काही झालंच नाही अशी पुन्हा कामाला लागायची.

"लक्ष कुठंय तुझं?" बाप खेकसायचा. शाळेतूनही तीच तक्रार, पोरगी तंद्रीत असते. वयच तसलं, असं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं.

एका दुपारी ती दुकानात उभ्याउभ्या कोसळली. काचांवर नाही, भुशाच्या पोत्यावर, एवढंच नशीब. अंग ताठ झालं, दातखीळ बसली, मग हातपाय झटके देऊ लागले. भेटायला आलेली आत्या चहाचा चमचा घेऊन धावली. "जीभ चावेल रे! तोंडात घाल तिच्या!" काचवाल्याचं भान हरपलं होतं. त्यानं चमचा दातांत कोंबला. पुढचा दात तुटला. आकडी थांबली ती तिच्या वेळेनंच.

"तोंडात काहीही घालायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर सरळ दवाखाना. आणि ते तंद्रीत जाणं होतं ना, तीही आकडीच."

"म्हणजे मी तिच्यावर उगाच ओरडायचो?"

"मुलांमध्ये ते असंच दिसतं. कुणाच्याही लक्षात येत नाही." मग त्या म्हणाल्या, "गोळ्यांनी बहुतेक मुलांचं थांबतं."

त्या 'बहुतेक'ला काचवाला बुडत्यानं काडी धरावी तसा धरून बसला. पहिल्या गोळीनं अंगावर चट्टे उठले. दुसरीनं ती दिवसभर पेंगायला लागली. तिसरी दुसरीच्या जोडीला आली आणि तिचे शब्द हरवू लागले. 'खिडकी' म्हणायला तिला हातानं चौकोन काढून दाखवावा लागे. आकड्या मात्र येतच राहिल्या. शाळेत एकदा सगळ्यांसमोर कपडे ओले झाले, त्यानंतर तिनं शाळेचं नाव काढलं नाही. मैत्रिणी आधी यायच्या, मग फोन करायच्या, मग तेही बंद.

ऑपरेशनचं विचारलं तर डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "मेंदूत एका जागी बोट ठेवता आलं असतं तर केलं असतं. हिचं तसं नाही."

काचवाल्यानं तिला दुकानाची पायरी बंद केली. "एकच रेघ ओढते, बाबा," ती म्हणायची. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. पुढं तिनं मागायचंच सोडलं, आणि ते त्याच्या जिवाला जास्त लागलं.

घरात न्हाणीघराची आतली कडीच काढून टाकली. ती आंघोळीला गेली की आई दाराबाहेर स्टुलावर बसायची आणि हिनं आतून काहीबाही बोलत राहायचं, म्हणजे ठीक आहे हे कळावं. काचवाला बाहेरच्या खोलीत कान देऊन बसलेला असायचा.

त्या सकाळी आवाज बंद पडला.

"भिंगरे! अगं, ओ दे ना!" आईनं दार ढकललं. काचवाला उशी घेऊन धावला आणि उंबऱ्यापाशी थबकला.

"फिट आली नाहीये," आतून लेक म्हणाली. एकेक शब्द शोधून, सावकाश. "मला बोलायचं नाहीये. एवढंच."

आईनं दार ओढून घेतलं. काचवाला उशी पोटाशी धरून तसाच उभा राहिला. आत पाणी वाहत होतं. थोड्या वेळानं आई दाराला तोंड लावून म्हणाली, "बरं, बोलू नकोस. नुसता तांब्या तरी वाजव."

तांब्या वाजला.