गोधडीतली सुई

सुरतेतल्या खोलीत मी वैतागून बिस्किटाचा डबा पालथा केला. रिळं, हुक, बटणांचा नुसता गुंता, आन् गोधडीची सुई काही सापडेना. डब्याचा गंजका वास आला आन् माहेरचं, खुटबावचं अंगण आठवलं.

सातवीत शाळा सोडली, त्या वर्षी गोधडी शिवताना माझी सुई अशीच हरवली.

"दोरा व्हता का तिच्यात?" आईनं विचारलं.

"न्हाई."

"मग वढून निघायची न्हाई. बस उसवत, महाराणी! धाकटा निजतो हिच्यावर."

दिवसभराचे टाके गेले. मी 'नको उसवू' म्हणत चिडून रडले. शेवटी सुई आईच्याच बोटात रुतली. "घावली बया!" म्हणून ती हसली. तवा तिचा राग आला होता. आज वाटतं, बरं झालं तिनं माझं ऐकलं नाही.

मग आठवलं, काल दोरा संपल्यावर मी सुई तशीच गोधडीत टोचून ठेवली होती, ती आतच गेली असणार. त्याच गोधडीवर माझं बाळ निजलंय. त्याला अलगद उचललं आन् उसवायला बसले.