सकाळच्या फिरण्याचा हजेरीपट

कुणी सांगितलं नसलं की ते काम मी हमखास करतो.

घरोघरी नुकती केबल आली होती त्या काळातली गोष्ट. आम्ही बडोद्यात, अलकापुरीच्या मागच्या बाजूला एका सोसायटीत राहत होतो. बायकोच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. चार दिवस ती गेली. पाचव्या दिवशी पाहुणे, मग मुलांच्या परीक्षा, मग लग्नसराई. शेवटी समोरच्या घरातली गुजराती सून तिच्याबरोबर निघू लागली आणि चमत्कार झाला. दोन महिने खाडा नाही! साखरही उतरली.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर. कागदावर चढल्याशिवाय काम झालंय असं मला वाटतच नाही. मी मोठ्ठा तक्ता आखला. वर 'प्रातःभ्रमण', खाली दोघींची नावं, पुढे तारखा. त्यांना हुरूप यावा म्हणून तो सोसायटीच्या फळ्यावर, पाणी येण्याच्या वेळांशेजारी टाचला. रोज लाल पेनानं टिक.

तिसऱ्या दिवशी त्या सुनेच्या सासूबाईंनी मला जिन्यात गाठलं.

"भाईसाहेब, अमारी वहु तो दूध लेवा जाय छे ने?"

आता तरी 'हो' म्हणावं की नाही? मी अभिमानानं सांगितलं, "दूध येताना, मासी! आधी बागेला तीन फेऱ्या!"

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे दूध घरपोच येऊ लागलं. सून दाराबाहेर दिसेना.

"फिरायला जाते म्हटलं असतं तर सोडलं असतं का तिला घरच्यांनी?" बायको ओट्यापाशी कडाडली. "पिशवी घेऊन यायची बिचारी. तुम्हाला कुणी सांगितलं होतं फळा सजवायला?"

"मी जाऊन माफी मागतो."

"खबरदार!"

मी गेलोच. सासूबाईंना म्हटलं, चालणं फार चांगलं, बघा, आमच्या हिची साखर कशी उतरली. त्यांचा चेहराच पडला. "एटले वहुने पण शुगर छे?" झालं! संध्याकाळी सुनेच्या माहेरी, करजणला फोन गेला: मुलीचा आजार लपवलात का?

मग भरपाई म्हणून मी स्वतःच बायकोबरोबर निघालो. पहिल्या फेरीत तिला श्वास कसा घ्यायचा ते समजावलं. दुसऱ्या फेरीत ती बाकावर बसली.

"अगं, अजून एक राहिली!"

"तिच्याबरोबर तीन कधी व्हायच्या, कळायचंसुद्धा नाही. तिची सासू, माझी नणंद, तुम्ही... किती विषय असायचे. आता तुमच्याजवळ तुमच्याबद्दल काय बोलू?"

महिन्याभरात तेही थांबलं. पुढच्या तपासणीत साखर होती तिथं परत. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "चालणं का सोडलंत?"

"सोबत नाही ना," बायको म्हणाली.

मी तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसलो होतो.