तो बाक मी का हटवला

शाळेच्या स्मरणिकेत दोन जुन्या सहकाऱ्यांनी त्या घेरावाविषयी लिहिले आहे. एकाच्या मते मुख्याध्यापकांनी मनाच्या मोठेपणाने शिपायाला परत घेतले. दुसऱ्याच्या मते मी ऐन वेळी फितूर झालो आणि त्याचे बक्षीस म्हणून पुढे पर्यवेक्षक झालो. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. पर्यवेक्षकपद मला सेवाज्येष्ठतेने मिळाले. यादी कार्यालयात आहे, शंका असेल त्याने ती पाहून यावी.

आणीबाणी उठल्यानंतरचा तो हिवाळा. महाल भागातल्या आमच्या शाळेच्या शिपायाने मुख्याध्यापकांच्या घरचे दळण आणायला नकार दिला, आणि तोही मुलांच्या देखत. दुसऱ्या दिवशी बेशिस्तीचा ठपका ठेवून त्याला काढून टाकले. घरी आजारी बायको आणि दोन मुली. शाळा सुटल्यावर आम्ही सतरा शिक्षकांनी मुख्याध्यापकांना त्यांच्या खोलीत घेरले. त्याला परत घेतल्याचा आदेश इथेच, आमच्यासमोर लिहा, एवढीच मागणी होती.

त्या खोलीला मागच्या गल्लीत उघडणारे एक लहान दार होते. आमच्यातल्या एका तरुण शिक्षकाने त्याला बाक आडवा लावला. हाच पुढे स्मरणिकेत मला फितूर म्हणणार होता.

दोन तास गेले. मुख्याध्यापकांनी पेनाला टोपण लावले आणि म्हणाले, "राजीनामा लिहितो. हे लिहिणार नाही."

ती धमकी नव्हती. सतरा माणसांसमोर मान खाली घालण्यापेक्षा ते खरोखर घरी बसले असते. मग संस्थेने आमच्यावर डूख धरला असता आणि शिपाई कायमचा गेला असता.

माझा जन्म पारशिवनीकडच्या एका गावातला. आमच्याकडे ज्वारी कापताना नाल्याकडची बाजू शेवटपर्यंत उभी ठेवीत. आत दडलेले रानडुक्कर तिकडून निघून जाई. एका वर्षी काकांनी घाईने चारही बाजू कापत आणल्या. मधल्या तुकड्यातून डुक्कर सरळ माणसांवर आले आणि त्यांच्याच मांडीत सुळा गेला. मी ते पाहिले होते. घेरलेल्याला एक वाट मोकळी ठेवावी, हे मला युद्धशास्त्राच्या ग्रंथांतून कोणी शिकवू नये.

मी उठून बाक ओढला.

"सर, काहून हटवून राहिले? पळून जाईन ना बुढा!" तो तरुण शिक्षक जवळ येऊन म्हणाला.

"जाऊ दे गा. म्हणूनच हटवून राहिलो."

"भेले का तुम्ही?"

"हो, भेलो. चाल, चहा आला बाहेर."

सगळ्यांना मी व्हरांड्यात आणले. कोणी माझ्याकडे पाहीना. चहा संपवून परतलो तेव्हा लहान दार उघडे होते आणि खुर्ची रिकामी.

सकाळी फलकावर आदेश लागला. मानवतेच्या दृष्टीने शिपायाच्या बेशिस्तीस क्षमा करून त्यास कामावर घेण्यात येत आहे, असा. सहकाऱ्यांनी तो वाचला आणि माझ्याशी बोलणे टाकले. नोकरी वाचली हे एकाच्याही तोंडून निघाले नाही. चारही बाजू कापून काय हाती लागले असते, हे त्यांनी स्मरणिकेत लिहायला हवे होते.

शिपाई मात्र माझ्याकडे आला. धुतलेला खाकी सदरा, हातात टोपी. तो वाद घालायला आला नव्हता.

"सर, माफ केलं म्हून लिवलं हाय. पन गुन्हा कोन्ता होता माहा?"

बाक हटवण्यापूर्वी मी पुष्कळ विचार केला होता. मुख्याध्यापकांच्या मानाचा, संस्थेच्या रागाचा, त्याच्या दोन मुलींचाही. तो स्वतः फाटकापाशी पायरीवर बसून होता, वीस पावलांवर. त्याला मी विचारले नव्हते.

"तुझा गुन्हा नव्हता," मी म्हणालो.

"मंग तसं लिवाले लावा ना, सर."

मी हजेरीपट काखेत घेतला. त्याने टोपी घातली आणि तो पहिली घंटा द्यायला गेला.