मार्थाच्या मुठीचा डबा

माझी बायको मार्था गेली त्या सकाळी तिनं मला एकच विचारलं, "मूठ टाकली का?" आवाज पार खोल गेला होता. मी उठलो, पोत्यातली मूठभर ज्वारी पत्र्याच्या डब्यात टाकली आणि डबा तिच्या कानाशी नेऊन हलवला. तिनं ऐकलं, डोळे मिटले. दुपार व्हायच्या आत गेली...

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांची ही जुनी रीत. भाकरीला बसायच्या आधी देवाची एक मूठ बाजूला काढायची, रविवारी चर्चात न्यायची. ज्याच्या घरात दाणा नसेल त्याच्याकडं ती जाते. जामखेडकडचा आमचा मुलूख कोरडा, पण दुष्काळातही मार्थानं मूठ चुकवली नाही. मी चिडायचो. ती म्हणायची, तुमच्या ताटातली न्हाई काढत, माझ्या भाकरीतली काढते, गप जेवा.

तिच्या पोटात गाठ निघाली. नगरच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या. त्या दिवसापासून मला जे भ्या बसलं ते अजून उठलेलं नाही. तेव्हा वहिनी आली. मी लग्नाच्या वेळी बाप्तिस्मा घेतला म्हणून थोरल्या भावानं बोलणं टाकलं होतं, पण वहिनीनं कधी टाकलं नाही. ती म्हणाली, "भावजी, देवीला नवस बोला. मार्था उठून बसली म्हंजे झालं. तुमचा देव रुसला तर मी घालीन त्याची समजूत."

खरं सांगतो, माझं मन तिकडं गेलं. मी मार्थाला म्हणालो, बोलू या की, आपलं काय जातंय.

"जातंय की," ती म्हणाली. "जन्मभर ज्याच्याकडं मागितलं त्यानं एकदा न्हाई म्हणलं, की दार बदलायचं? अहो, भ्या मलाबी वाटतंय. लई वाटतंय. म्हणून तर हात घट्ट धरलाय त्याचा. तुमी सोडवू नका."

मी नवस बोललो नाही. ती वाचलीही नाही. देवानं काही केलं असं मी इथं लिहिणार नाही, कारण मला तसं दिसलं नाही.

माती देताना सगळ्यात जास्त वहिनीच रडली. पुढं काही दिवसांनी येऊन म्हणाली, आता तिकडं तुमचं कोण राहिलंय, घरला या, खोली झाडून ठेवलीया. मग खाली बघत म्हणाली, "तेवढा गळ्यातला क्रूस काढून या. अन् रविवारचं जाणं सोडा. यांना न्हाई बघवत."

पोटी लेकरू नाही. न्हाणीत पडलो तर कुणाला कळायचं नाही. क्रूस काढला तर मार्था कुठं भेटेल, हे दुसरं भ्या. आणि वर कुणी ऐकतच नसेल तर, हे सगळ्यात मोठं. प्रार्थनेला बसतो, शब्द येत नाहीत. नुसतं 'प्रभू' म्हणतो आणि गप होतो...

ती गेल्यापासून डबा मी चर्चात नेलाच नव्हता. रोज मूठ टाकायचो, पण खाली तिच्या हातची ज्वारी होती. ती द्यायची म्हणजे तिला पुन्हा माती द्यायची. गेल्या शनिवारी वहिनीनं निरोप धाडला, सामानाला टेम्पो पाठवते. रविवारी मी डबा उचलला आणि चर्चात जाऊन मुठींच्या पोत्यात पालथा केला. माझी ज्वारी आधी पडली. तिची तळातली शेवटी पडली, सगळ्यांच्या वर. तिच्यावर जरा हात ठेवला आणि पोत्याचं तोंड बांधलं.

येताना वहिनीकडं गेलो. म्हणालो, "टेम्पो नको. जेवायला बोलवा, येईन. राहायला न्हाई."

"एकट्याला भ्या न्हाई वाटत?"

"वाटतं."

तिनं ताट वाढलं. भाऊ बोलला नाही, पण उठूनही गेला नाही.

आता माझी भाकरी मीच थापतो, कडा फाटतात. त्याआधी मूठ टाकतो. डबा रिकामा झाल्यामुळं दाणे पत्र्यावर मोठ्यानं वाजतात, पार खोलीभर. शेवटचा दाणा थांबेपर्यंत मी डब्याशी उभा राहतो. मग पिठात हात घालतो.